केस डोक्यावर हाईत, बाई!

केस गळतात म्हणून आलेल्या बाईला मी पहिल्यांदा विचारायची, "सकाळी पोट साफ होतं का?"

हा प्रश्न ऐकला की बाई आधी माझ्याकडे बघायची, मग औषधं बांधत बसलेल्या आमच्या आप्पा कंपाउंडरकडे, आणि मग पदर सावरून उठायच्या तयारीला लागायची. तेल मागायला आलेल्या माणसाला शौचाचं विचारणं ही त्या काळी निपाणीत वेडेपणाचीच गोष्ट होती. एका बाईनं तर मला तोंडावर सांगितलं, "केस डोक्यावर हाईत, बाई! पोटात न्हाईत."

ही बाई म्हणजे हौसाक्का. मी मूळची बेळगावातल्या अनगोळची. डॉक्टर होऊन निपाणीत दवाखाना घातला तो सत्तरच्या दशकात, आणि पुढं नोकरदार माणसं निवृत्त होतात त्याच्याही नंतर बरीच वर्षं तिथं बसले. हजारो पोटं तपासली असतील. पण कुणी "एखादी गमतीची केस सांगा" म्हटलं की मला हौसाक्काचीच आठवते.

निपाणी म्हणजे तंबाखू. बसमधून उतरताच ठसका लागला तर माणूस बाहेरगावचा असं आम्ही ओळखायचो. गावातल्या बायका वखारीत तंबाखू निवडायच्या आणि घरी सुपात पानं घेऊन विड्या वळायच्या. सकाळी उठून मिसरी लावायची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना घासायची. ती भूक मारते. त्यावर कपभर चहा घेऊन वखार गाठायची. दुपारी गार भाकरी, ती उरली असेल तर. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना वाढून झालं की भाकरीच्या बुट्टीच्या तळाला राहील ते. वर अनवाणी शेतात जाणं, त्यामुळं जंत तर पोटात बिऱ्हाड करूनच बसलेले. अशा बाईच्या डोक्यावर केस टिकतात याचंच मला कधी कधी नवल वाटे.

यात शास्त्र फार अवघड नाही. घरात धान्य कमी पडलं की शहाणी बाई आधी चूल सांभाळते, भिंतीला रंग द्यायचं पुढं ढकलते. शरीरही तसंच करतं. काळीज, मेंदू, फुप्फुसं ही चूल. केस म्हणजे भिंतीचा रंग. पोटात काही गेलं नाही, किंवा गेलेलं अंगी लागलं नाही, की पहिली काटछाट केसांवर होते. प्रत्येक गळणारा केस पोटापायीच गळतो असं मी म्हणत नाही. बाळंतपणानंतर गळतात, गळ्यातली ग्रंथी बिघडली तरी गळतात. पण आमच्या गल्ल्यांमधून चौकशी पोटापासून सुरू केली तर सहसा फार लांब जावं लागत नसे.

आप्पांना हे मान्य नव्हतं. आप्पा म्हणजे इमानी, कामसू माणूस, डोक्यावर गुळगुळीत टक्कल. दवाखान्याच्या मागच्या दारी ते स्वतः उकळलेलं माक्याचं तेल बायकांना देत असत. मला उशिरा कळलं. मी म्हटलं, "आप्पा, एवढं गुणकारी आहे तर स्वतःच्या डोक्याला का लावत नाही?"

आप्पा जराही न अडखळता म्हणाले, "बाई, ते बायकांचं त्याल हाय. पुरुषांस्नी लागू पडत न्हाय."

तर हौसाक्का. वखारीमागच्या गल्लीतली. नवरा ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी उगवणारा, त्यामुळं घरावर आणि बऱ्याच अंशी गल्लीवरही राज्य तिचंच. श्रावण संपत आला होता. ती आली आणि टेबलावर लिंबाएवढा केसांचा गोळा ठेवला.

"हे आजचं. अजून दुपारबी झाल्याली न्हाय."

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं ते वर सांगितलेलं उत्तर दिलं. "अलीकडं काही आजारपण?" म्हटलं तर म्हणाली, "आजारी पडाय सवड हाय कुणाला? त्याल असलं तर द्या, न्हाईतर आप्पा देत्यातच."

तिच्यामागून शेजारची पारूबाई आली. तिच्या पदराच्या गाठीत तसाच गोळा. मग आणखी दोघी आल्या. आठवडाभरात त्या एका गल्लीतल्या इतक्या बायका केसांचे गोळे घेऊन आल्या की आप्पांना तेलाची दुसरी कढई चढवावी लागली. पुढच्या गल्लीत मात्र कुणाचा केस वाकडा झाला नव्हता. विहीर दोन्ही गल्ल्यांची एकच, तेव्हा पाण्यावरही संशय घेता येईना. मी चक्रावले.

गल्ली मात्र चक्रावली नव्हती. तिनं कारण शोधून ठेवलं होतं. आप्पा मला हळू आवाजात म्हणाले, "बाई, हौसाक्काच्या सुनंचं हाय ते समदं."

"सुनेचं काय?"

"तिची येणी बघितलीसा न्हवं? पार गुडघ्यापतोर. ती गल्लीत आली आन् हिकडं समद्यांचं केस गळाय लागलं. तिचा एक न्हाय गळंला. कुठं गेलं मग समद्यांचं केस?"

"कुठं गेले?"

"तिच्या डोक्यात," आप्पा म्हणाले. "वढून घेती म्हणं."

मी हसले. पण ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती हे मला दोन दिवसांनी कळलं. हौसाक्काचा मुलगा दत्तू दवाखान्यात आला. वखारीत पोती उचलणारा धिप्पाड गडी, पण बाकावर असा बसला की जणू बाकालाच धरून ठेवलंय.

"काय होतंय रे?"

"दुखतंय."

"कुठं?"

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "बोरगावात."

आप्पांच्या हातातली पुडी सांडली. मग दत्तूनं सगळं सांगितलं. बायको शालन बोरगावची. पंचमीला माहेरी गेली ती तिथंच. आई म्हणते, गौरीला तिला आणायची नाही, आता कधीच आणायची नाही. दिवाळीनंतर दुसरी बघू. बोरगावला तसा निरोपही गेलाय.

"तिचा कंगवाबी आईनं उकिरड्यावर टाकला," तो म्हणाला आणि सदऱ्याच्या खिशातून शिंगाचा एक कंगवा काढून दाखवला. धुऊन स्वच्छ केलेला. "बाई, असं केस वढून घेता येत्यात व्हय?"

"तुला काय वाटतं?"

"मला न्हाय वाटत. पर आईम्होरं मला काय वाटतंय ते मलाच आठवत न्हाय."

मला त्याची दया आली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "लग्न होऊन आल्यापासून ती आजारी वगैरे पडली होती का?"

"ती कशाची पडती! आमी समदी आडवी हुतो तवा ती एकटीच उभी हुती. हळद निघाली न्हवती हातांची आन् गल्लीभर पेज करून पाजत फिरत हुती."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. वैशाखातली ती गोष्ट मी पार विसरले होते! त्या गल्लीत तापाची आणि आवेची साथ आली होती. मी स्वतः दोन-तीनदा जाऊन आले होते. वखारीमागच्या शेताकडं जाणारी वाट तांब्यांनी भरून गेलेली. तिथं कुणी कुणाला रामराम घालायला थांबत नव्हतं. पंधरवडाभर माणसं नुसती पेजेवर होती. बाया तर आधीच रक्त कमी असलेल्या, त्या पार चिपाडं झाल्या.

इथंच खरी खुबी आहे. मोठा ताप, जबर जुलाब झाले की केसांची मुळं एकाएकी विश्रांतीला जातात. पण केस लगेच गळत नाही. तो दोन-तीन महिने डोक्यावर नुसता उभा असतो आणि मग सुटतो. तोवर बाई आजारपण विसरून गेलेली असते. आजचा केस वैशाखातल्या जुलाबाचं देणं फेडतोय हे तिच्या ध्यानात यायचं कसं? माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मग तिच्या कुठून येणार. पुरुषांचेही गळले असणार. पण टोपीत पडलेला केस कोण बघतो?

"शालनच कशी काय सुटली रे त्यातून?"

"बासुंदी न्हाय खाल्ली तिनं," दत्तू म्हणाला. "लगीन बोरगावला झालं न्हवं, दुसऱ्या दिशी हितं पूजा घातली. आईनं आदल्या सांजंलाच बासुंदी आटवून ठिवलीती, पातेलंभर. शालनला लहानपणापास्नं दूध पचत न्हाय. तिनं हातच लावला न्हाय. त्यावरनं आई तवाच रुसलीती, पैल्याच दिशी सुनंनं माझी बासुंदी ताटात टाकली म्हणून."

आता सगळा उलगडा झाला आणि माझी मोठीच पंचाईत झाली. वैशाखाच्या उकाड्यात बारा-चौदा तास ठेवलेली बासुंदी! शालन निर्दोष होती हे सिद्ध करायचं तर हौसाक्काची बासुंदी दोषी ठरत होती. आणि त्या बासुंदीचं नाव गल्लीत असं घेत, की देवाचं घेताना पण इतके कुणी डोळे मिटत नसतील.

मी ठरवलं, बासुंदीचा विषयच काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाक्काच्या घराच्या पुढच्या सोप्यात सगळ्या बायका बोलावल्या. त्या मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत ऐकत बसल्या. मी वैशाखातल्या तापाचं, केसांच्या विश्रांतीचं सगळं समजावलं. सांगितलं की कुणाचे केस कुणी ओढून घेत नाही, आणि चार-सहा महिन्यांत सगळ्यांचे परत येतील.

बायकांनी माना डोलावल्या. मी सुटले असं वाटत असतानाच पारूबाई म्हणाली, "पर बाई, ती आव कशानं झालीती?"

"होते अशी उन्हाळ्यात," मी म्हणाले.

"मग म्होरल्या गल्लीत का न्हाय झाली?"

पारूबाई शाळा शिकली असती तर वकील झाली असती. "पूजेला जेवाय म्होरली गल्ली न्हवती," ती विडीला दोरा गुंडाळत म्हणाली. "आमीच हुतो. आन् शालन जेवली, पर तिनं बासुंदी ताटात टाकली. तूच गल्लीभर सांगत हिंडलीस की गं, हौसाक्का!"

विड्या वळणारे सगळे हात थांबले. दत्तू दारात उभा होता, तो एक पाऊल मागं सरकला. हौसाक्काचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला, आणि मग तिथं काहीतरी चमकलं.

"पातेलं!" ती कडाडली. "त्या भांडीवाल्याकडनं भाड्यानं आणल्यालं पातेलं! कल्हई उडालीती त्याची. मी तवाच दत्तूला म्हणलं हुतं, ह्ये पातेलं मला बरं दिसत न्हाय. म्हणलं हुतं का न्हाय रं?"

दत्तूनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हणलं हुतंस."

"पातेलंच," पारूबाई लगेच म्हणाली.

"व्हय व्हय, पातेलंच ते," सगळ्या म्हणाल्या. कुणाला हौसाक्काशी वैर नको होतं. हात पुन्हा चालू झाले. कल्हई उडालेल्या भांड्यानं पोट ढवळेल, पण पंधरवडाभर ताप आणि आव होणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण पातेल्याला सासर नव्हतं, माहेर नव्हतं. मीही मान हलवली.

दारातून दत्तूचा आवाज आला. आईसमोर इतका स्पष्ट तो आधी कधी बोलला असेल असं वाटत नाही. "मग शालनचं काय?"

"काय म्हंजे?" हौसाक्का म्हणाली. "तिचा काय गुन्हा? उद्या आणाय जायाचं. डाक्टरीणबाईबी येणार हाईत."

मी येणार आहे हे मला तेव्हाच कळलं.

बोरगावच्या बसमध्ये कंडक्टर "मुंदे होग्री, मुंदे होग्री" करत माणसं पुढं ढकलत होता. दत्तू मागं उभा होता आणि हौसाक्का ओटीचा नारळ मांडीवर धरून बसली होती.  वाटेत तिनं एकदाच विचारलं, "बाई, न्हाय आली तर?" इतक्या हळू आवाजात हौसाक्का बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

शालन अंगणात शेंगा फोडत बसली होती. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, एक केस बाहेर दिसत नव्हता.  अठरा-एकोणीस वर्षांची पोर. स्वतःचे दाट केस चोरीच्या मालासारखे लपवून बसली होती. तिचे वडील आम्हाला "बसा" म्हणाले नाहीत. आईनं पाणी आणलं, पण डोळे पुसत.

हौसाक्कानं पातेल्याची हकीकत सांगितली. शालननं ऐकून घेतली. मग म्हणाली, "येते, आत्या. पर एक सांगायचं हाय."

"सांग की."

"मी मागनं एकटी चुलीपाशी जेवणार न्हाय. मी आल्यापास्नं बघतीया. तुमी समद्यांस्नी वाढता, तवर भाकरी संपतीया. मग तुमी चहात तुकडा बुडवून खाता, मिसरी लावता आन् वखारीला जाता. मला न्हाय जमायचं तसलं. मला भूक सोसत न्हाय. जेवाय समदी एकदम बसायचं. तुमीबी."

आता नारळ कुणाच्या तरी डोक्यात बसतो असं मला वाटलं.  सासू-सुनेच्या भांडणात हौसाक्कानं सगळी उत्तरं तयार ठेवली असणार, पण "तुमीबी जेवा" याला काय उत्तर द्यायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आन् वाढणार कोण?" तिनं शेवटी विचारलं.

"बुट्टी मधी ठिवायची. ज्यानं त्यानं घ्यायचं."

"दत्तूनं? सोताच्या हातानं?"

"घीन की मी," दत्तू घाईघाईनं म्हणाला. खिशातून कंगवा काढून त्यानं शालनच्या पुढ्यात शेंगांच्या टरफलांवर ठेवला. शालननं तो उचलला आणि डोक्याचं फडकं सोडलं. तिच्या वडिलांनी तेव्हा कुठं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं.

गौरी झाल्या. मग मी त्या गल्लीत जंताच्या गोळ्या आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या वाटल्या. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचं काम नसतं. हे सगळ्यांना सांगायची जबाबदारी मी आप्पांवर सोपवली. आप्पा भिडस्त. बायकांसमोर असला विषय त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी गोळ्यांच्या पुड्या देताना नुसतं सांगितलं, "ह्यानं रंग काळा येतोय बघा."

बायका खूष. गळणारे केस थांबणार आणि पिकलेले काळेही होणार! शेजारच्या गल्लीतल्या बायकाही गोळ्या मागायला आल्या.

दोन दिवसांनी सकाळी दवाखाना उघडतो तोच सगळी गल्ली दारात. पुढं पारूबाई. ती आप्पांना म्हणाली, "काळं व्हणार म्हणलासा ते केस न्हवं?"

आप्पा औषधांच्या कपाटाआड गेले आणि बायका जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. मी सगळं नीट सांगितलं. हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या हसण्याचा एक फायदा झाला. त्यानंतर त्या गल्लीत मी पोटाचं काहीही विचारलं तरी कुणी लाजलं नाही. उलट न विचारताच इतकं सविस्तर सांगू लागल्या की आप्पांनी पुड्या बांधायची जागा बदलून आतल्या खोलीत नेली.

सगळं असं गोड झालं असं मात्र सांगता येणार नाही. मिसरी मी एकाही बाईची सोडवू शकले नाही. वखारीत सकाळची न्याहारी करायला वेळ द्या, म्हणून मी किती मालकांना सांगून बघितलं. कुणी नाही म्हणालं नाही आणि कुणी दिलाही नाही. निपाणीतल्या बहुतेक घरांतून बाई मागूनच जेवत राहिली. आताच्या मुली घरी सल्ल्याला येतात त्या महागडी तेलं आणि शाम्पू घेऊन. दुपारपर्यंत काय खाल्लं म्हणून विचारलं तर सांगतात, डाएट. मिसरी नाही एवढाच फरक. मला वाईट वाटतं ते याचं.

पण हौसाक्काच्या सोप्यात भाकरीची बुट्टी मधोमध आली. दत्तू आपल्या हातानं वाढून घेऊ लागला. पहिले काही दिवस त्याला कालवण सांडल्याशिवाय घेता येत नव्हतं म्हणे. हौसाक्का भिंतीकडं तोंड करून जेवायची, मग हळूहळू फिरून बसली.

संक्रांतीच्या सुमारास ती दवाखान्यात आली ती तणतणतच.

"बाई, हे काय करून ठिवलंय तुमी?"

तिच्या कपाळाच्या कडेनं, भांगाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर लांबीचे बारीक केस ताठ उभे होते.

"येणीत बसंनात, तेलानं दबंनात. समदी गल्ली साळिंदरागत दिसायलीया. शालन तोंडाला पदर लावून हसती. ह्यास्नी खाली बसवायचं औषध द्या."

"हौसाक्का, ते नवे केस आहेत. गळलेल्यांच्या जागी आलेत."

 ती औषधांच्या कपाटाच्या काचेपुढं जाऊन उभी राहिली. तळव्यानं केस दाबून बघितले. हात काढला तसे ते पुन्हा उभे राहिले. आप्पांनी कौतुकानं तेलाची बाटली पुढं केली, तिनं ती हातानंच मागं सारली.

"ऱ्हाऊंद्यात," ती काचेत बघत म्हणाली. "माझंच हाईत."